वरचे नऊ ताव

जायचं होतं जपानला, आणि आम्ही गेलो ओरेगनला. परत आल्यापासून हे वाक्य मी ऑफिसात, मंडळात आणि भारतातल्या फोनवर इतक्या वेळा म्हटलंय, की ऐकणारे आता हसतात. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं आणि आताही येत नाही.

झालं असं. माझी मुलगी मुक्ता, वय बावीस, डिसेंबरात कॉम्प्युटर सायन्सची डिग्री घेऊन घरी आली. नोकरीची ऑफर हातात होती, जॉइनिंग जूनमध्ये. आणि एका रविवारी पोहे खाता खाता तिनं सांगितलं, की तिला जपानी पद्धतीनं हातकागद करायला शिकायचंय. छंद म्हणून वगैरे नाही, पोटापाण्याचं काम म्हणून, आणि त्यासाठी जपानमधल्या एखाद्या खेड्यात दोन वर्षं राहायचंय. मी चमचा खाली ठेवला. बायको, अनुराधा, म्हणाली, "अगं, आधी पोहे तर संपव." समोरचं खाणं संपेपर्यंत कुठलंही संकट थांबून राहतं, अशी तिची समजूत आहे.

पुढचे तीन आठवडे मी जपानविषयी जे काही वाचलं ते सगळं भूकंपांविषयी होतं. शेवटी मुक्तालाच शोध लागला, की ओरेगनच्या डोंगरातल्या एका खोऱ्यात मिचिको नावाच्या एक बाई चाळीसेक वर्षं असाच कागद करतायत आणि दर वर्षी एकाच माणसाला शिकायला ठेवून घेतात. आधी चार दिवस तिथं राहून काम करून दाखवायचं, मग त्या हो किंवा नाही सांगणार. आमच्या क्युपर्टिनोपासून हे ठिकाण गाडीनं दहा तासांवर. "मी येतो तुला सोडायला," मी लगेच म्हणालो. सोडायला कसला, परत आणायला. त्या बाईंनी नाही म्हणावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. त्यांनी नाही म्हटलं की मी मुलीची समजूत काढत गाडी दक्षिणेला वळवणार आणि जूनमध्ये ती नोकरीवर रुजू होणार, असा माझा सरळ हिशेब होता.

मुक्ताची एकच अट होती. "बाबा, नो रशिंग. दिवसाला थ्री आवर्स मॅक्स. वाटेत थांबायचं, बघायचं, लोकांशी बोलायचं." मला चालणार होतं. जितके दिवस जास्त, तितकी तिचं मन बदलायची आशा जास्त. विमानतळावर चार तास आधी पोचणारा मी असा फेब्रुवारीच्या एका सकाळी संथ प्रवासाला निघालो. अनुराधाला रजा नव्हती. तिनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकुटाची बरणी दिली. मी गाडीत औषधांचा डबा, टॉर्च, दोन ब्लँकेटं, दोरी, शिटी आणि बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या ठेवल्या. मुक्तानं एक बॅग ठेवली आणि माझ्या शिटीचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

निळीचं शेत

पहिला मुक्काम सॅक्रामेंटोच्या वरच्या अंगाला, अक्रोडाच्या बागांमधल्या एका शेतावर होता. झाडं निष्पर्ण, खाली मोहरीची पिवळी फुलं, आणि वर ढगांनी भरलेलं आभाळ. इथं केन नावाचे सत्तरीचे गृहस्थ जपानी पद्धतीनं नीळ करतात. त्यांचे आजोबा भातशेती करायला जपानातून आले. केनना स्वतःला जपानीतली चार वाक्यं येतात, आणि ती चारही जेवणाबद्दलची आहेत असं त्यांनीच सांगितलं.

आपल्याकडे नीळ म्हटली की पांढऱ्या कपड्यांची पुडी आठवते. ही नीळ म्हणजे पानं. उन्हाळ्यात कापायची, वाळवायची, पाणी मारत तीन-एक महिने ढीग करून कुजवायची आणि मग राखेच्या पाण्यात हौदात आंबवायची. केननी हौदाचं झाकण काढलं तेव्हा असा वास आला की माझा हात आपोआप रुमालाकडे गेला. त्यांनी मात्र वाकून नीट हुंगलं, एक थेंब जिभेवर घेतला आणि म्हणाले, "आज जरा रुसलाय. भूक लागली असेल." मग त्यात मूठभर गव्हाचा कोंडा टाकला आणि लांब काठीनं हळूहळू ढवळलं. हिवाळ्यात हौदाखाली हीटर असतो, वरून गोधडी असते. आमच्या घरी थंडीत इडलीचं पीठ असंच ब्लँकेटात गुंडाळून ओव्हनमध्ये झोपवलेलं असतं, आणि ते फुगलं का हे मी दिवसातून चारदा बघतो. मला केन आवडले.

आवडले म्हणूनच मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "तुमची मुलं काय करतात?"

"एकच मुलगी. डेंटिस्ट आहे."

मी मुक्ताकडे असं पाहिलं, की न बोलता सगळं बोलून झालं. "बाबा, स्टॉप," ती म्हणाली.

केन हसले. "दर उन्हाळ्यात पानं कापायला येते. दातांपेक्षा हे बरं, म्हणते."

मग मी विषय वाढवला नाही. हातमोजा काढून हौदातल्या पाण्याची ऊब बघायला गेलो, आणि माझी चार नखं निळी झाली ती दहा दिवस तशीच राहिली.

घाट

तिसऱ्या दिवशी, कॅलिफोर्निया संपून ओरेगन सुरू होतं तिथला घाट लागला. बर्फ पडत होतं. कडेला पाटी होती, साखळ्या लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही पाटी येणार हे मी तीन दिवसांपासून म्हणत होतो, त्यामुळे तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं. गाडी बाजूला घेऊन, गुडघ्यांवर बसून, पाऊण तास झटून मी दोन्ही साखळ्या लावल्या. तेवढ्यात मागच्या पिकअपमधून एक धिप्पाड बाई उतरल्या, आमच्या गाडीभोवती फेरी मारून म्हणाल्या, "राजा, तुझी मागची चाकं नुसती सोबत आलीयेत. ओढतात ती पुढची."

मी साखळ्या मागच्या चाकांना लावल्या होत्या.

माझे हात इतके गारठले होते की कडी सुटेना. मुक्ता म्हणाली, "बाबा, तू गाडीत बस. मी करते." आणि ती सरळ बर्फात आडवी झाली, साखळ्या काढल्या, फोनवर एकदा व्हिडिओ बघितला आणि वीस मिनिटांत पुढच्या चाकांना लावून मोकळी झाली. मी आत बसून काचेतून तिचे फक्त बूट बघत होतो. खरं तर अभिमान वाटायला हवा होता. मला मात्र धास्ती वाटली, कारण जिला हे जमतं तिला सगळंच जमणार, आणि मग माझ्या हिशेबाचं काय.

मिचिकोबाईंचं खोरं

चौथ्या दिवशी दुपारी खोऱ्यात उतरलो. दोन्ही बाजूंना उंच फरची झाडं, प्रत्येक फांदीवर शेवाळ, आणि रिमझिम इतकी बारीक की ती पडतेय की तरंगतेय ते कळू नये. शेवटचे सहा मैल रस्ता कच्चा होता आणि फोनवर सिग्नलची एकही काडी नव्हती. जवळचं हॉस्पिटल पन्नास मैलांवर आहे हे मी आधीच काढून ठेवलं होतं. दोनदा मोठ्यानं सांगूनही झालं होतं.

मला वाटलं होतं की किमोनो नेसलेल्या, हळू बोलणाऱ्या, गूढ हसणाऱ्या कुणी बाई दारात वाकून स्वागत करतील. मिचिकोबाई गमबूट घालून, लाकडाच्या मोळ्या पिकअपमधून खाली फेकत होत्या. वय पंच्याहत्तर, उंची माझ्या खांद्याइतकी. "उशीर केलात," त्या म्हणाल्या. "बूट बाहेर." जपानमधल्या एका डोंगराळ गावात त्यांचं माहेर कागद करणाऱ्यांचं. इथल्या जंगलखात्यातल्या एका माणसाशी लग्न करून त्या आल्या, नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सकाळी भात, मिसोचं सूप आणि मुळ्याचं लोणचं खातात, दुपारी पीनट बटर लावलेला ब्रेड. आमचं मेतकूट त्यांनी एकदा भातावर घेऊन पाहिलं आणि बरणी स्वतःच्या ताटाजवळ सरकवून ठेवली. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मुक्ताला कामाची रीत सांगितली. त्या इंग्रजीत बोलतात, तोडून तोडून. मी मराठीत देतो. "दोन दिवस तयारी. शनिवारी तू चाळीस ताव काढायचेस, एकटीनं. सुरुवातीचे कसेही येऊ देत, सगळ्यांचे वाईटच येतात. मी वरचे बघणार, शेवटी काढलेले. हात दमल्यावर काय करतो, ते मला बघायचंय. आणि एक नियम. ओल्या कागदाला हात लावायचा नाही. कुणीच नाही." हे शेवटचं माझ्याकडे बघून.

तयारीचे दोन दिवस मी लिहितो आहे तितके सोपे नव्हते. त्यांच्या मागच्या उतारावर तुतीच्या जातीची झुडपं आहेत. हिवाळ्यात ती बुंध्यापर्यंत छाटतात, फांद्या वाफवून साल सोलतात, साल शिजवतात. शिजलेली साल वाहत्या गार पाण्यात धरून तिच्यातला एकेक काळा ठिपका बोटानं काढायचा. तासन्‌तास. हे काम मात्र मला आलं. लहानपणी आईसमोर ताट घेऊन तांदूळ निवडलेले, खडा नजरेतून सुटत नाही. मिचिकोबाईंनी माझा ढीग उलटापालटा करून पाहिला आणि नुसतं "हं" केलं. मुक्ता म्हणाली, "बाबा, दॅट वॉज हाय प्रेज." मला नको इतका आनंद झाला आणि मग त्या आनंदाचाच राग आला.

मग साल लाकडी दांडक्यांनी कुटून तिचा लगदा. तो हौदात, पाण्यात. त्यात भेंडीच्या जातीच्या एका झाडाची मुळं ठेचून काढलेला चिकट रस. आमच्याकडे भेंडीची तार मोडावी म्हणून अनुराधा आमसूल घालते, तरी तार राहिली तर माझ्याकडे बघते. इथं त्या तारेसाठीच मुळं जपून ठेवलेली. तारेमुळे तंतू पाण्यात तरंगत राहतात आणि एकावर एक ठेवलेले ओले ताव एकमेकांना चिकटत नाहीत. मध्ये कापड नाही, काही नाही. ओल्यावर ओला, चाळीस थर, तरी दुसऱ्या दिवशी सुटे होतात. फक्त रात्रभर दगडाखाली सारखे दाबायच्या आधी कुणी त्यांना एका जागी दाबता कामा नये.

शनिवार

मुक्ता सकाळी आठला हौदापाशी उभी राहिली. बांबूच्या बारीक काड्यांची चटई बसवलेली लाकडी चौकट दोन्ही हातांत, ती पाण्यात बुडवायची, उचलायची, पुढेमागे हलवायची, पाणी गळू द्यायचं, पुन्हा बुडवायची. मग चटई सोडवून शेजारच्या बुटक्या फळीवर पालथी घालायची आणि अलगद उचलायची. खाली राहतो तो ताव. मला शेगडीजवळ, तिच्या डाव्या हाताला, एक स्टूल मिळालं होतं.

पहिले सात-आठ वाईट आले. एक तर फाटलाच. माझ्या मनात पाल चुकचुकण्याऐवजी दिवा लागला, हे कबूल करतो. मग हळूहळू ते बरे यायला लागले आणि मी अस्वस्थ झालो. पाणी बर्फासारखं होतं. तिचे पंजे लालबुंद. "मुक्ता, हात शेक जरा." "आय ॲम फाइन." "मुक्ता, पाणी पी." "बाबा." "पाठ दुखतेय का?" प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बघायची, मान हलवायची, पुन्हा चौकट बुडवायची. मिचिकोबाई कोपऱ्यात ब्रशांचे केस साफ करत बसल्या होत्या.

एकतीस ताव झाले तेव्हा माझ्याच्यानं बसवेना. अनुराधाला फोन करतो म्हणून उठलो. घरामागच्या टेकडीवर एका ठरावीक बुंध्याशेजारी उभं राहिलं तर फोन लागतो.

"कशी करतेय?" तिनं विचारलं.

"चांगली करतेय," मी म्हणालो.

"मग असा काय आवाज काढतोस?"

"अगं, इथून हॉस्पिटल पन्नास मैल आहे."

"कागद करतेय ती. लढाईवर नाही गेलेली. तुझी गोळी घेतलीस का?"

फोन ठेवल्यावरही मी बराच वेळ त्या बुंध्यावर बसून राहिलो. परत आलो तर कारखान्यात कुणी नव्हतं. दोघी दाबायचा दगड आणायला गोठ्यासारख्या मागच्या शेडमध्ये गेल्या होत्या. चाळीस ताव पुरे झाले होते आणि त्या थप्पीवर एक ओलं पांढरं कापड पसरलेलं होतं. किती उंच झालीय ते बघायला मी जवळ गेलो, शेगडीला वळसा घालताना मोज्यातला पायाचा अंगठा थप्पीच्या कडेला लागला.

आणि मी वाकलो. उजव्या हाताची बोटं कागदाला लावली आणि कपाळाला.

पुस्तकाला, वहीला, कागदाच्या चिटोऱ्याला पाय लागला की हे होतं. त्यात विचार नसतो. ऑफिसात प्रिंटरच्या रिकाम्या कागदांच्या गठ्ठ्याला पाय लागला तरी होतं, आणि शेजारचा माणूस विचारतो की पाठ दुखतेय का. कपाळावरून गार पाण्याचा ओघळ नाकावर आला तेव्हा मला कळलं मी काय केलंय. कापडावर तीन खळगे होते. कापडाचा कोपरा उचलून पाहिलं. खालीही तीन खळगे, चांगले खोल. मी कापड पुन्हा खाली सोडलं.

मी सांगणार होतो. शपथेवर सांगतो, सांगणार होतो. तेवढ्यात दगड दोघींच्या मध्ये धरून त्या हसत आत आल्या. "बाबा, यू मिस्ड द बेस्ट वन्स! शेवटचे एकदम मस्त झाले, यार," मुक्ता म्हणाली. तिनं कापडावर फळी ठेवली, फळीवर दगड. माझं तोंड उघडलं नाही. आधी वाटलं, दाबल्यावर सपाट होईल. मग जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. वाटलं, झालं ते बरंच झालं. मी काहीच करायला नको. नुसतं गप्प बसायचं, आणि उद्या मुलगी घरी.

ती रात्र कशी काढली ते सांगत बसत नाही.

रविवार

सकाळी दगड उतरला, फळी निघाली. मिचिकोबाईंनी कापड सोललं आणि पहिल्या तावाचा कोपरा धरून उचलायला सुरुवात केली. मध्यापर्यंत आला आणि कडेजवळच्या तीन ठिकाणी खालच्या तावाला धरून बसला. त्यांनी जरा ओढलं. फाटला. दुसरा फाटला. तिसरा फाटला. प्रत्येक तावाला त्याच जागी तीन भोकं, खाली जाताना लहान लहान होत गेलेली. नऊ ताव. दहावा अखंड सुटला.

"हात दमला," मिचिकोबाई म्हणाल्या. "शेवटी जोरानं टेकवलेस."

मुक्ता त्या तावांकडे बघत होती. तिचा चेहरा मी तिच्या लहानपणी एकदाच असा पाहिला आहे, शाळेच्या स्टेजवर ओळी विसरली तेव्हा. "आय डोन्ट नो. मे बी," ती म्हणाली. "सॉरी." आणि स्वतःची बोटं उलटीपालटी करून बघायला लागली.

ते बघवलं नाही.

"मी केलं ते," मी इंग्रजीत म्हणालो, दोघींना कळावं म्हणून. "काल. तुम्ही दगड आणायला गेला होतात. माझा पाय लागला."

"पाय लागला तर बाजूला लागेल. ही भोकं वरून आहेत," मिचिकोबाई म्हणाल्या.

मग मला सगळं सांगावं लागलं. की आमच्यात कागद म्हणजे विद्या, तिला पाय लागला तर हात लावून माफी मागतात. एका पंच्याहत्तर वर्षांच्या कागद करणाऱ्या बाईला, कागदाचा मान राखण्यासाठी मी तिचा कागद नासवला, हे समजावून सांगण्याइतकी अवघड गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही. त्या ऐकत होत्या. "माझ्या आईनं तुम्हाला दांडक्यानं मारलं असतं," त्या म्हणाल्या. "माफी बिफी नंतर."

मुक्ताला मात्र पाय लागला म्हटल्याबरोबर सगळं कळलं होतं. एक क्षण तिला हसू येतंय असं वाटलं. मग ते थांबलं.

"काल?" ती म्हणाली. "काल दुपारी?"

"हो."

"आणि तू मला आत्ता सांगतोयस." आता ती मराठीत बोलत होती. "तुला मी फेल व्हायला हवी होते ना, बाबा?"

नाही म्हणायला जीभ वळत होती. "हो," मी म्हणालो.

मिचिकोबाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं, शब्द कळले नसतील पण बाकी सगळं कळलं असावं, आणि त्या कामाला लागल्या. त्यांच्याकडे तव्याइतका गरम होणारा एक उभा पत्रा आहे. सुटलेला ताव ब्रशनं त्यावर चिकटवला की थोड्याच वेळात वाळतो. दहाव्यापासून खालचे एकतीस ताव त्यांनी एकामागून एक वाळवले. मग फाटके नऊही वाळवले, ते कशाला हे मला कळेना. दोन-अडीच तास हेच चाललं. मुक्ता ताव उचलून देत होती, मी माझ्या स्टुलावर बसून होतो. इतका बारीक होऊन मी कुठंच बसलेलो नाही.

मग त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं आणि एक ताव उजेडात धरला. "उजवी कड बघा." उजवी कड विरळ होती, मागची झाडं दिसत होती. दुसरा धरला. तिसरा. सगळ्यांची उजवी कड विरळ. "एक ते एकतीस, सगळे असे. मला वाटलं मनगट कमजोर आहे. अशा माणसाला मी ठेवत नाही. मनगट शिकवता येत नाही."

मी मुक्ताकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

त्यांनी फाटक्या नवांतला एक धरला. तीन भोकं होती, पण डावी-उजवी दोन्ही कडा सारख्या, साईसारख्या दाट. दुसराही तसा. नऊच्या नऊ. "बत्तिसाव्यापासून सरळ," त्या म्हणाल्या. "दमल्यावर हात सुधारत नाही. बिघडतो. मग बत्तिसाव्याला काय झालं?"

मला उत्तर ठाऊक होतं. एकतीस झाल्यावर मी टेकडीवर गेलो होतो.

"ताव उचलला की ती तुमच्याकडे बघते," मिचिकोबाई म्हणाल्या. "तुमची काळजी मिटली का ते बघते. डावीकडे वळते, चौकट कलते, लगदा तिकडे धावतो. मी काल दिवसभर बघत होते." त्यांनी ताव खाली ठेवला. "ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत राहील. तुम्ही निघा."

"उद्या सकाळी..."

"आत्ता. ती आज पुन्हा चाळीस काढणार आहे."

माझं सामान भरायला पंधरा मिनिटं लागली. औषधांचा डबा, टॉर्च आणि ब्लँकेटं मी मुक्तासाठी ठेवली. शिटीही ठेवली. निरोप घ्यायला आलो तेव्हा ती ॲप्रन बांधून हौदापाशी उभी होती, पाठ माझ्याकडे.

"निघतो गं," मी दारातून म्हणालो.

"घाटात सावकाश जा. आणि चेन्स पुढच्या व्हील्सना," ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि रागाखाली बाकीचंही होतं.

मी लगेच हललो नाही. तिनं चौकट बुडवली, उचलली, हलवली, ताव फळीवर उतरवला. मग दुसरा. मग तिसरा. ती एकदाही वळली नाही. मला रडू फुटलं. बाहेर खडीवर बुटांचा आवाज झाला तर ती बघेल, म्हणून बूट हातात घेऊन, मोज्यांवरच, चिखलातून मी गाडीपर्यंत गेलो.